वेड पांघरलेले खगोलशास्त्रज्ञ

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचारातले पेडगाव श्रीगोंदे तालुक्यातले, भीमाकाठचे. परभणी-मनमाड लोहमार्गावरचे आमचे पेडगाव ते नव्हे. मात्र फ्रेड हॉएल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीविषयी बोलताना हाच वाक्प्रचार आम्हांला पुनःपुन्हा आठवतो.

सूर्यमालेकडे एक प्रचंड काळा मेघ सरकतो आहे, हे मोजक्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात येते. वार्ता फुटू नये म्हणून ब्रिटिश सरकार त्यांना नॉर्टनस्टो येथील एका वाड्यात कोंडते. केंब्रिजचा किंग्जली ही कैद मुकाट्याने पत्करतो. मात्र आत जाताना तो संदेशवहनाची उत्तम यंत्रसामग्री पदरात पाडून घेतो. पुढे मेघामुळे वातावरणाचे आयनीकरण होऊन जगाचे नेहमीचे रेडिओसंपर्क तुटतात, तेव्हा सरकारांना या कैद्यांच्याच दारी यावे लागते. वेड पांघरणे म्हणतात ते हेच!

मेघ बुद्धिमान आहे, हा शोधही याच यंत्रांपाशी लागतो. यांनी तरंगलांबी बदलली की आयनीकरणही तिला अनुसरून बदलते. समोरून कोणी तरी प्रतिसाद देत आहे, हे अनुमान ज्या शिस्तीने उलगडते, ती पाने वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावीत. (पात्ररचनेविषयी मात्र न बोललेले बरे, त्यातल्या स्त्रिया बहुतेक चहापाण्यापुरत्याच.)

आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. अमेरिका व रशिया मेघावर हायड्रोजन बाँब सोडतात. किंग्जली ही खबर मेघाला देतो, मेघ ती अस्त्रे उलट धाडतो आणि माणसांची शहरे बेचिराख होतात. राज्यकर्त्यांनी लपवले तर तो गुन्हा आणि शास्त्रज्ञांनी लपवले तर तो विवेक, असा हॉएल यांचा कल दिसतो. बाहेर असणाऱ्या असंख्यांना विचारले कोणी? हा प्रश्न कादंबरी जवळजवळ टाळतेच.

ज्या वर्षी ही कादंबरी निघाली, त्याच वर्षी जयंत नारळीकर बनारसहून केंब्रिजला पोहोचले आणि पुढे हॉएल यांचेच शिष्य झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये, हा हेतू. पांघरूण इथेही आहे. पण गुरूच्या नायकाने ते सत्ता मिळवण्यासाठी घेतले, शिष्याने हाती असलेले वजन बाजूला ठेवण्यासाठी.

‘वामन परत न आला’ (१९८६) या नारळीकरांच्या कादंबरीत अनोळखी बुद्धीची भेट आकाशातून येत नाही, भूगर्भातून येते. एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान बंदिस्त अवस्थेत हाती लागते आणि त्यातून ‘वामन’ हा यंत्रमानव उभा राहतो. बळीच्या कथेवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे नावच सावध करते: तीन पावलांपुरते मागणारा किती व्यापील, याचा अंदाज दात्याला नसतो. हॉएल यांना गुपित चुकीच्या हाती जाण्याची धास्ती आहे. नारळीकरांना ज्ञान मिळवण्याच्या उतावीळपणाचीच धास्ती वाटते, मग हात कोणाचेही असोत.

अशा कादंबऱ्या आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा बालवाङ्मयाच्या शेजारी बसवल्या जातात. निदान या दोन कादंबऱ्या तरी एकाच तासाला, शेजारी शेजारी ठेवून शिकवाव्यात, असे आम्ही सुचवतो.