बाईक इम्पोर्टेड की चाकणची? चेसिस नंबर बघा

दादर-लालबागला सेकंडहँड केटीएम ३९० ड्यूक बघायला गेलात आणि विकणारा म्हणाला, "इम्पोर्टेड ब्रँड आहे, दोन पैसे जास्त लागतील", तर आधी चेसिस नंबर वाचा.

हा १७ अक्षर-आकड्यांचा नंबर हँडलखाली फ्रेमवर कोरलेला असतो. पहिली दोन अक्षरं एमए ते एमई यांपैकी असतील, तर कोड भारताचा. एमडी२ म्हणजे बजाज ऑटो. विकणाऱ्याला डिजिलॉकरमधली आरसी दाखवायला सांगा. नंबर जुळला नाही, तर व्यवहार नको.

केटीएम ऑस्ट्रियाची, पण ३९० ड्यूक बनते पुण्याजवळ चाकणला. ट्रायम्फ ब्रिटिश, पण २०२३ मध्ये आलेली स्पीड ४०० सुद्धा चाकणचीच.

मग सगळे पार्ट इथलेच का? तसं नाही. 'मेड इन इंडिया' म्हणजे बाईक इथे तयार झाली. तिचा एखादा पार्ट बाहेरचा असू शकतो. उलटही होतं. ड्यूकचे बायब्रे ब्रेक हा इटलीच्या ब्रेम्बोचा ब्रँड, पण ते बनतात भारतात.

सुटा पार्ट घेताना पाकीट बघा. आयात केलेल्या पॅकबंद मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं आहे. ते नसेल, तर 'इम्पोर्टेड' या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका.