अनामिक संहिता : ‘वास्तव’ दूरचित्रवाणी आणि लिखित नाट्य

५ डिसेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीच्या ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला १९५५ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक कोणत्या चित्रपटास मिळाले, असा प्रश्न विचारण्यात आला. ‘मार्टी’ हे उत्तर त्याला ठाऊक होते. तो चित्रपट त्याच्या विशेष आवडीचा होता. तरीही त्याने ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असे उत्तर दिले, कारण निर्मात्यांनी तसे बजावले होते. त्या रात्री त्याला हरवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजीचा अध्यापक आणि कवी मार्क व्हॅन डोरेन यांचा पुत्र. या प्रसंगातील एक उपरोध सहसा नजरेतून निसटतो. ‘मार्टी’ हे मुळात पॅडी चायेफ्स्की यांनी दूरचित्रवाणीसाठीच लिहिलेले नाटक; २४ मे १९५३ रोजी एनबीसीवरूनच ते थेट प्रक्षेपित झाले होते. लिखित नाट्याचे नाव ‘अलिखित’ म्हणविणाऱ्या कार्यक्रमात दडविले गेले, आणि तेही लिहून दिल्याप्रमाणे.

दूरचित्रवाणीच्या दर्जाविषयीची चर्चा प्रायः ऱ्हासकथेच्या रूपात मांडली जाते : आधी थेट नाट्याचे सुवर्णयुग, मग प्रश्नमंजूषा, आणि अखेर ‘रिॲलिटी शो’. (वास्तववाद ही संज्ञा मराठी समीक्षेने कादंबरीच्या संदर्भात पूर्णपणे आत्मसात केली, ‘रिॲलिटी’ मात्र मराठी बोलीत अनुवादाविना वावरते. हा संकोच अर्थपूर्ण असावा.) या कथेत तथ्यांश आहे. १९५५मध्ये सीबीएसवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ सुरू झाले आणि १९५८पर्यंत ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ व ‘स्टुडिओ वन’ या नाट्यमाला संपल्या. परंतु न्यूयॉर्कच्या थेट नाट्याची जागा हॉलिवूडमध्ये चित्रित होणाऱ्या मालिकाही घेत होत्या. शिवाय, प्रश्नमंजूषेने नाट्याला हटविले असे म्हणताना ती स्वतः नाट्यच होती याचा विसर पडतो. घाम पुसताना रुमाल कपाळावरून फिरवावयाचा नाही, नुसता टिपावयाचा, अशा सूचना स्टेम्पेलला मिळत. रंगसूचना यापेक्षा वेगळ्या नसतात.

मग क्षोभ कशाचा होता? २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेन यांनी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे कबुली दिली, तेव्हा प्रेक्षकांना आपण नाटक पाहिले याचे वैषम्य नव्हते; नाटक पाहत आहोत हे सांगितले गेले नाही, याचे होते. संहिता आणि ग्राहक यांच्यातील अनुबंध मोडला होता. १९६०च्या कायद्याने ज्ञान, कौशल्य वा नशीब यांवर आधारित स्पर्धांमध्ये प्रेक्षकांना फसविण्यासाठी केलेली पूर्वयोजना निषिद्ध ठरविली. स्पर्धा नसलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ एखाद्या कुटुंबाच्या घरात, संहिता कोठे आणि केव्हा सिद्ध होते, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

तो प्रश्न १९७३मध्ये उभा राहिला. क्रेग गिल्बर्ट यांनी निर्मिलेली ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ ही मालिका सार्वजनिक वाहिनी पीबीएसवर दाखविली गेली. कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथील लाउड कुटुंबाचे १९७१मध्ये सुमारे सात महिने चित्रण झाले. जवळपास ३०० तासांच्या फितींतून १२ तासांचे १२ भाग निघाले. पंचवीस तासांतला एक तास ठेवणे ही तांत्रिक काटछाट नव्हे. कोणता संवाद राखावा, कोणते मौन लांबवावे, पॅट लाउड पतीला घर सोडावयास सांगतात तो प्रसंग कोणत्या प्रसंगांनंतर यावा, हे ठरविणे म्हणजे कथानक रचणे होय. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने या प्रकाराची तुलना नाटक व कादंबरी यांच्या उदयाशी केली. ही दाद उदार असली तरी तिने रूपाचा विचार निदान सुरू केला. बहुतेक परीक्षणांनी तो केला नाही. त्यांनी संहितेचे परीक्षण करण्याऐवजी लाउड कुटुंबाचे केले : ही माणसे उथळ आहेत, परस्परांशी बोलत नाहीत, इत्यादी. निवडीमुळे आपले विपरीत चित्र उभे राहिले, ही कुटुंबाची तक्रार आत्मसमर्थन म्हणून बाजूला सारली गेली. चायेफ्स्कींच्या कसायाला कोणी उथळ म्हटले असते, तर तो दोष नाटककाराकडे गेला असता. येथे लेखकाची जागा रिकामी दिसल्याने दोष पात्रांकडे गेला, आणि पात्रे तर जिवंत होती.

पुढचा इतिहास बहुतांशी अर्थकारणाचा आहे. १९८८मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप मार्च ते ऑगस्ट असा सुमारे पाच महिने चालला. पटकथाकार व नट यांच्यावाचून चालणाऱ्या कार्यक्रमांचे आकर्षण त्याने वाढविले. मार्च १९८९मध्ये फॉक्स वाहिनीवर ‘कॉप्स’ सुरू झाले. त्यात निवेदकही नव्हता. निवेदकाच्या अनुपस्थितीलाच पारदर्शकता मानण्याची सवय प्रेक्षकांस लागली, आणि समीक्षकांसही.

या पारदर्शकतेमागचे हात जुलै २००६मध्ये दिसले. ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या कार्यक्रमाच्या १२ कर्मचाऱ्यांनी लेखकसंघाच्या सदस्यत्वासाठी काम थांबविले. चित्रित फितींतून कथासूत्र काढणे, प्रसंगांचा क्रम लावणे, संघर्षाची चढण बांधणे हे त्यांचे काम. त्यांची पदनामे मात्र ‘लेखक’ अशी नव्हती. निर्मात्यांनी मागणी मान्य केली नाही. कार्यक्रम चालू राहिला आणि त्याच वर्षी ती पदे रद्द झाली.