किल्ली कोठें ठेवावी?

दाराला कुलूप लावणें सोपें. पण किल्ली कोणापाशीं ठेवावी, हा प्रश्न गांवाला निघतांना प्रत्येक गृहस्थाला पडतो. गुप्तलेखनाचा इतिहासही पुष्कळसा याच एका प्रश्नाचा इतिहास आहे. संगणकांतील मजकूर कुलूपबंद करणारीं कांहीं साधनें आज कोणासही विनामूल्य मिळतात, आणि पडद्यावर आज्ञेची एखादी ओळ टंकिली कीं तीं काम करूं लागतात. त्यांची हकीकत मी आज सांगणार आहें.

गुप्तलेखनाची कला आपल्याकडे जुनीच आहे. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' या नांवानें तिची गणना केली आहे. पण साऱ्या जुन्या पद्धतींत एक वैगुण्य होतें. ज्या किल्लीनें मजकूर झांकावयाचा, तिनेंच तो उघडावयाचा. म्हणजे दूरच्या मित्रास गुप्त पत्र धाडावयाचें तर आधीं किल्ली त्याच्याकडे गुप्तपणें पोंचली पाहिजे. आणि तशी सुरक्षित वाट हाताशीं असेल तर पत्रच त्या वाटेनें कां धाडूं नये? सैन्यें व वकिलाती विश्वासू जासूद बाळगून ही अडचण निभावून नेत. सामान्य माणसास तें कोठून परवडणार? १८८३ सालीं ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या भाषापंडितानें एका फ्रेंच लष्करी नियतकालिकांत असा नियम मांडला कीं, पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडतां कामा नये; गुपित राहावें तें किल्लींत. नियम अचूक होता. पण त्यामुळें सगळा भार किल्लीवरच आला.

ही कोंडी १९७६ सालीं फुटली. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनीं असें सुचविलें कीं, प्रत्येकाला एकीऐवजीं दोन किल्ल्या असाव्यात : एक उघड, चारचौघांत वाटण्याजोगी, दुसरी खाजगी. उघड किल्लीनें बंद केलेलें पत्र फक्त खाजगी किल्लीनें उघडावें. रस्त्यावरच्या टपालपेटीसारखाच हा प्रकार. पत्र आंत कोणीही टाकावें, पेटी उघडणारा मात्र एकच. पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनीं ही कल्पना गणितांत उतरविली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार क्षणांत होतो. पण गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकून काढणें महाकठीण. मार्टिन गार्डनर यानें त्याच वर्षीं एका मासिकांत १२९ आंकडी संख्या छापून शंभर डॉलरांचें बक्षीस लावलें. तें कोडें १९९४ सालीं सुटलें, आणि त्यासाठीं सहाशेंच्या आसपास स्वयंसेवकांचे संगणक राबवावे लागले. आंतून निघाले ते एका नाजूक मनाच्या गिधाडाविषयींचे अर्थहीन शब्द!

ही युक्ति इंग्लंडच्या सरकारी गुप्तलेखन खात्यांत आधींच सांपडली होती, हें जगाला १९९७ च्या डिसेंबरांत कळलें. जेम्स एलिस यानें १९७० सालीं कल्पना मांडली व क्लिफर्ड कॉक्स यानें १९७३ सालीं गणित जमविलें; परंतु खात्याच्या शपथेनें दोघांचीं तोंडें बंद होतीं. एलिस त्या जाहीर कबुलीच्या महिनाभर आधींच वारला. किल्लीचा प्रश्न सोडविणाराला स्वतःचेंच नांव कुलुपांत ठेवावें लागलें.

विद्या निघाली तरी ती लोकांच्या हातीं आली १९९१ सालीं. त्या वर्षीं अमेरिकन सीनेटपुढें आलेल्या एका विधेयकांत असें एक कलम होतें कीं, दळणवळणाच्या यंत्रणांतून सरकारास खुला मजकूर मिळालाच पाहिजे. तें पाहून फिल झिमरमन यानें आपला 'प्रीटी गुड प्रायव्हसी' हा कार्यक्रम घाईनें पुरा करून फुकट वाटून टाकिला. गुप्तलेखनाचीं साधनें त्या काळीं अमेरिकन कायद्यानें युद्धसामग्रींत मोडत. तीं परवान्यावांचून परदेशीं धाडणें गुन्हा होता. १९९३ पासून त्याची चौकशी चालू झाली, आणि जानेवारी १९९६ मध्यें ती खटला न भरतांच मिटली. मधल्या काळांत, १९९५ सालीं, एमआयटीच्या छापखान्यानें तो सगळा कार्यक्रम पुस्तकरूपानें छापला. चकतीवरचीं अक्षरें शस्त्र ठरत असतील. कागदावरचीं तींच अक्षरें ग्रंथ होतात, आणि ग्रंथास अमेरिकन घटनेचें संरक्षण आहे! कायद्याची अशी थट्टा क्वचितच झाली असेल.

जर्मनींत वेर्नर कोख यानें १९९७ सालीं त्याच धर्तीचें, पण पूर्ण मोकळें साधन लिहावयास घेतलें. १९९९ सालीं 'ग्नू प्रायव्हसी गार्ड' अथवा जीपीजी याची पहिली पक्की आवृत्ति निघाली. फाईल झांकावयाची झाल्यास तें प्रथम त्या फाईलपुरती एक नवी किल्ली बनवितें, तिनें सर्व मजकूर झांकितें, आणि ती लहानशी किल्लीच तेवढी मित्राच्या उघड किल्लीनें बंद करून सोबत जोडितें. दोन किल्ल्यांचें गणित संथ असल्यामुळें एवढा खटाटोप.

मग प्रश्न संपला काय? अजिबात नाहीं. उघड किल्ली मिळाली. पण ती त्याच मित्राची हें कशावरून? यासाठीं लोक प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्रें पाहून एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करीत. १९९९ सालच्या एका प्रयोगांत बारा जणांस नव्वद मिनिटें देऊन झिमरमनच्या साधनाची नवी आवृत्ति वापरावयास सांगितली. आज्ञेच्या ओळींऐवजीं तींत चित्रांच्या खुणा होत्या. तरी काम अचूक करणारे चारच निघाले, आणि तिघांनीं तर गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला. त्या तिघांना हंसण्याचें धैर्य मला तरी होत नाहीं.

खाजगी किल्ली संगणकांत राहते ती स्वतः परवलीच्या शब्दांनीं झांकलेली. ते शब्द विसरले कीं फायली गेल्या. कोणतेंही सरकार, कोणतीही कचेरी त्या उघडून देणार नाहीं. १९९१ सालीं ज्या गोष्टीसाठीं झगडा झाला, तिचीच ही दुसरी बाजू. 'पास' नांवाचें एक छोटें साधन २०१२ पासून उपलब्ध आहे. तें आपल्या सर्व ठिकाणच्या परवलीच्या शब्दांच्या फायली जीपीजीनें झांकून ठेवितें. सोय उत्तम, परंतु शंभर खोल्यांच्या किल्ल्या एका पेटींत, आणि पेटीची किल्ली घरधन्याच्या स्मरणांत! घरधनी आजारी पडला तर?

म्हणून किल्ली तयार होतांच तिच्या रद्दीपत्राची एक प्रत बाजूला ठेवण्याचा परिपाठ आहे. किल्ली हरवली वा चोरीस गेली, तर तें पत्र जगजाहीर करून ती बाद करितां येते. जीपीजीच्या अलीकडच्या आवृत्ति तें पत्र आपण होऊनच तयार करितात. त्यानें किल्ली बाद होते, जुन्या फायली मात्र उघडत नाहींत. त्यासाठीं कांहीं सावध माणसें खाजगी किल्लीच कागदावर छापून घेतात, परवलीचे शब्द वेगळ्या लिफाफ्यांत लिहितात, आणि तो लिफाफा लोखंडी कपाटांत ठेवून कपाटाची किल्ली कोणाला द्यावी, याचा विचार करीत बसतात.