पाथरीचे कुळकर्णी आणि नाथांनी लिहिलेले भांडण

आज इतिहासाच्या गप्पा करू. दिल्ली-आग्र्याच्या नाही, आपल्या गोदाकाठच्या.

पाथरी आपल्याला ठाऊक आहे ती साईबाबांमुळे. २०२० साली पाथरीच्या विकासासाठी निधी जाहीर झाला आणि बाबांचा जन्म कुठला यावरून शिर्डी बंद झाली. बाबांनी आपली जात, धर्म, गाव कधी उघड करून सांगितले नाही. भांडायला आपण आहोतच. पण पाथरीची त्याहून जुनी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या शाळेत कुणी सांगितली नाही.

अहमदनगरची निजामशाही मलिक अहमदने १४९० साली उभी केली. फरिश्ता नावाचा इतिहासकार काही काळ त्या दरबारात होता. त्याने लिहून ठेवले आहे की मलिक अहमदचा बाप जन्माने ब्राह्मण, पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घरातला. लहानपणी तो विजयनगरच्या मुलखात बहामनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि अंगच्या हुशारीवर बहामनी राज्यात मोठ्या पदाला चढला. पुढे त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला, तेव्हा त्याला वाडवडिलांचे गाव हवेसे झाले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहा नाही म्हणाला. मग १५१८ च्या सुमारास बुऱ्हाणने लढून पाथरी घेतली. आता गंमत बघा, इमादशाहीचा मूळ पुरुषही कानडी मुलखातल्या हिंदू घरात जन्मलेला. दोन्हीकडचे राजे मुसलमान, दोघांचे आजे-पणजे हिंदू, आणि तलवारी उपसल्या त्या कुळकर्ण्याच्या गावासाठी. वतनाची भांडणे आपल्याकडे भावाभावांत होतात, तसलीच ही एक.

ते राज्य गोडीगुलाबीचे होते असे आम्ही म्हणत नाही. फौजा आल्या की गावे लुटली जायची, बाया-पोरे पळवली जायची. मलिक अहमदचा बाप तसाच तर गेला होता. पण एका बाजूला सगळे हिंदू, दुसऱ्या बाजूला सगळे मुसलमान, असा हिशेब त्या काळाला लागू पडत नाही.

याच निजामशाहीत दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते. त्यांचे गुरू चांद बोधले, आणि ते सूफी मार्गाचे होते असे परंपरा सांगते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, तेही चांद बोधल्यांचेच शिष्य मानले जातात. आणि जनार्दनस्वामींचे शिष्य म्हणजे पैठणचे एकनाथ महाराज. नाथांचे भारूड आपण सगळ्याच जणी ऐकत आलो. पण त्यांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला, हे आमच्या गटांतल्या बऱ्याच जणींना माहीत नव्हते.

हा संवाद म्हणजे गोड गोड बोलणे नाही. चांगले कडाक्याचे भांडण आहे. तुर्क हिंदूला नावे ठेवतो, त्याच्या देवांच्या कथा काढून हसतो, सोवळ्या-ओवळ्यावर बोट ठेवतो. हिंदू काही कमी नाही. देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का करता, मुक्या जिवाला का मारता, असे तो विचारतो. पाठीमागे जे बोलले जाते ते सगळे नाथांनी तोंडावर बोलायला लावले आहे. एकही मनात ठेवून घरी जात नाही. आणि असे सगळे बोलून झाल्यावर दोघांना कळते की देव एकच. मग ते एकमेकांना नमस्कार करतात, गळाभेट घेतात. नाथ १५९९ साली गेले, म्हणजे हे लिहून सव्वाचारशे वर्षे तरी झाली.

आम्हाला ते भांडण गळाभेटीहून जास्त मोलाचे वाटते. का, ते सांगतो.

आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानातली माणसे. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा लागतो, रझाकारांनी केलेले अत्याचार सांगितले जातात. ते खरेच आहेत, घराघरांतल्या म्हाताऱ्यांनी सोसलेले आहेत. पण १९४८ च्या त्या पोलीस कारवाईनंतर संस्थानात अनेक ठिकाणी साध्या मुसलमान माणसांवर सूड उगवला गेला. रझाकारांशी ज्यांचा संबंध नव्हता तेही मारले गेले. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवले होते. सबंध संस्थानात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत असा त्यांचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. एक अर्धी गोष्ट झेंड्याखाली सांगितली जाते, दुसरी अर्धी काही घरांत दार लावून. समोरासमोर बसून दोन्ही कुणी सांगत नाही.

गेल्या निवडणुकीच्या दिवसांत आमच्या एका गावात मोबाईलवर मेसेज फिरला, अमक्यांच्या हातून बांगड्या भरू नका. त्या गटातली एक ताई बांगड्यांचाच धंदा करते, अंतर्गत कर्ज घेऊन माल भरलेला. दोन बाजार तिचा माल खपला नाही, हप्ता थकला. बैठकीत आधी सगळ्या गप्प. मग एक काकू उठल्या आणि मेसेजमध्ये जे होते ते सगळे तिच्या तोंडावर म्हणाल्या. ताईही ऐकून घेणारी नव्हती. तुमच्या सुनेच्या डोहाळजेवणाचा चुडा कुणी भरला, तेव्हा हात वेगळे होते का, तिने विचारले. तासभर चालले. वहीवर त्या दिवशी नुसत्या सह्या झाल्या, हिशेब झालाच नाही. पुढच्या बैठकीत हप्त्याला मुदत देण्याचा ठराव झाला आणि त्यावर पहिला अंगठा काकूंचा होता. अजून दोघींचे पूर्ण जुळले आहे असे नाही. पण गट फुटला नाही आणि काकू बांगड्या तिच्याकडूनच भरतात. वर भावासाठी घासाघीस करतात ती वेगळीच.

फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो. तिथल्या गर्दीत कोण कुठल्या घरची हे ओळखायला येत नाही. त्याआधीच्या बैठकीत नाथांचा संवाद मोठ्याने वाचायचे गटाने ठरवले आहे. हिंदूचे बोलणे बांगड्यांवाली ताई वाचणार, तुर्काचे काकू. काकूंना अक्षरओळख नाही, म्हणून त्यांच्या नातीने आत्तापासून पाठ करून घ्यायला सुरुवात केली आहे.