परळची माकडं, मार्माइट आणि उदास मन

हेडफोन नीट लावा, आज आपल्याला परळला जायचंय.

साल १९२८. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत येते. काम काय, तर गरोदर बायकांचा जीव घेणाऱ्या रक्तक्षयाचं कारण शोधायचं. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांमध्ये हा आजार दिसायचा. विल्सबाईंनी त्यांची ताटं तपासली. भाजीपाला, फळं, प्रथिनं नावालाच! हाफकिन संस्थेत त्यांनी माकडांना असाच निकृष्ट आहार दिला, तीही आजारी पडली. मग त्यांना मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा स्वस्त, खारट अर्क. माकडं सुधारली, पुढे बायकाही. १९३१ मध्ये हे छापून आलं.

पण मार्माइटमध्ये होतं काय? १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळं केलं गेलं. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, म्हणून नाव पडलं फॉलिक अॅसिड.

आता म्हणाल, यात मनाचा संबंध कुठे आला? व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरने १९६१ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. अन्न तीन-तीनदा उकळून, फॉलेट घालवून, महिनोन्‌महिने तेच खाल्लं. चौथ्या महिन्यात झोप उडाली, विसरभोळेपणा आला, चिडचिड वाढली. फॉलिक अॅसिड घेतल्यावर दोन दिवसांत मन ताळ्यावर! सेरोटोनिनसारखी रसायनं बनवताना मेंदूला फॉलेट लागतं ना.

नंतर नैराश्याच्या अनेक रुग्णांच्या रक्तात फॉलेट कमी आढळलं. पण आधी कोण? उदास माणसाची भूकच मरते, मग फॉलेट घटणारच की! २००० साली १२७ रुग्णांना नैराश्याच्या औषधासोबत फॉलिक अॅसिड किंवा नुसतीच बिनऔषधी गोळी दिली, तर फॉलिक अॅसिडचा फायदा बायकांना झाला, पुरुषांना नाही. २०१४ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत तर ही जोडगोळी कुणालाच उपयोगी ठरली नाही.

म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, पण ही काही आनंदाची गोळी नव्हे. शिवाय बी-१२ कमी असेल, तर नुसत्या फॉलिक अॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणून आधी तपासणी, मग गोळी. आणि मन सतत खचलेलं असेल, तर 'पालक खा' एवढ्यावर मित्राची बोळवण करू नका. त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.

भेटू पुढच्या भागात!