उत्तीर्णता, पदवी आणि सनद : कायद्याच्या निकालपत्रांविषयी काही विचार

कायद्याच्या विद्यापीठीय शिक्षणाचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक प्रथम वळतो तो विद्यापीठांच्या जुन्या कॅलेंडरांकडे. कोण उत्तीर्ण झाले, कोणास कोणता वर्ग मिळाला, पदवी कोणास प्रदान झाली, ही माहिती त्यांत वर्षानुक्रमाने हाती येते. ती चाळता चाळता परीक्षा, पदवी आणि व्यवसाय या एकाच जिन्याच्या लागोपाठच्या पायऱ्या होत, अशी आपली नकळत समजूत होऊन बसते. पुरुष विद्यार्थ्यांपुरती ती बव्हंशी खरीही आहे. मुंबईस १८५५ साली सरकारी विधि महाविद्यालय निघाले, १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले. न्यायमूर्ती रानडे १८६६ साली आणि लोकमान्य टिळक १८७९ साली एल्‌एल्‌. बी. झाले. टिळकांनी वकिली केली नाही, पुण्यास कायद्याचा वर्ग तेवढा चालविला. पण तो त्यांच्या इच्छेचा भाग होता. पायरी त्यांच्यासाठी मोकळी होती.

ज्यांच्यासाठी ती मोकळी नव्हती अशा एका विद्यार्थिनीच्या निकालांची हकिकत येथे तपासावयाची आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालविली. डेक्कन कॉलेजातून शिकून कॉर्नेलियाबाई मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांच्या आत्मकथनाप्रमाणे परीक्षेतील स्थानामुळे विलायतेतील शिक्षणासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. ती स्त्रीस देता येत नाही असे ठरले. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केल्यावर, इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी करून उभ्या केलेल्या रकमेच्या आधारावर त्या १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही होत्या.

तेथे त्यांनी निवडलेली परीक्षा ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ ही होती. नावात बॅचलर असले तरी ऑक्सफर्डच्या रीतीप्रमाणे ती कायद्याची वरची परीक्षा. पहिली पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांनी द्यावयाची. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचा त्यांना पाठिंबा होता, आणि ऑल सोल्स कॉलेजचे कॉड्रिंग्टन ग्रंथालय प्रथमच एका स्त्रीस त्यांच्या रूपाने खुले झाले. परंतु परीक्षेस बसू द्यावे की नाही, पुरुष विद्यार्थ्यांच्या शेजारी परीक्षागृहात बसू द्यावे की नाही, याविषयी अखेरपर्यंत वाद राहिला व शेवटी विद्यापीठास त्यासाठी विशेष निर्णय घ्यावा लागला. १८९२ साली त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. वर्ग तिसरा आला. त्याचे त्यांना वाईट वाटले. माझ्या मते या तिसऱ्या वर्गाकडे चरित्रलेखकांनी संकोचाने पाहण्याचे कारण नाही. जिला परीक्षेस बसता येईल की नाही हेच उशिरापर्यंत ठाऊक नव्हते, तिचे गुण इतरांच्या गुणांशेजारी ठेवून केलेली तुलना निकालपत्र करू शकते. इतिहासकाराने ती तशीच स्वीकारू नये.

परीक्षा झाली, निकाल लागला. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्डमध्ये त्या काळी स्त्रियांस परीक्षा देता येत होत्या, पदव्या घेता येत नव्हत्या. त्यामुळे १८९२ च्या पदवीधरांच्या यादीत त्यांचे नाव असणे शक्यच नव्हते. केवळ पदवीदानाच्या आकड्यांवरून विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे कोष्टक मांडणाऱ्या संशोधकाने हे ध्यानात घ्यावे. अशा कोष्टकात अनुत्तीर्ण विद्यार्थी आणि उत्तीर्ण होऊनही पदवी नाकारलेली विद्यार्थिनी यांची अनुपस्थिती सारखीच दिसते.

भाषेच्या अभ्यासकास येथे दोन शब्दांपाशी थांबण्याचा मोह होतो. ‘उत्तीर्ण’ म्हणजे पलीकडे तरून गेलेला. ‘पदवी’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ वाट, मार्ग. नदी पार करूनही पुढची वाट बंद, अशी ही स्थिती होती.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी पुन्हा परीक्षा दिल्या. मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. १८९७ साली, अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा १८९९ साली. दोन्हींत यश आले आणि तरीही सनद मिळेना. म्हणजे अडथळा आता विद्यापीठाच्या बाहेर, न्यायालयाच्या दाराशी होता. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेविषयी सल्लागार म्हणून काम केले. कायद्याचे ज्ञान सरकारास हवे होते. त्या ज्ञानाने न्यायालयात उभे राहणे तेवढे चालत नव्हते.

हा अडथळा शब्दांच्या अर्थावर उभा होता, आणि माझ्या दृष्टीने या हकिकतीतील सर्वांत विचारणीय भाग तोच आहे. इंग्लंडात ग्विनेथ बेब या ऑक्सफर्डच्या विद्यार्थिनीने १९११ साली न्यायशास्त्राच्या परीक्षेत प्रथम वर्ग मिळविला. पदवी अर्थातच नाही. सॉलिसिटरच्या परीक्षेस बसण्याची परवानगी नाकारली गेल्यावर ती १९१३ साली न्यायालयात गेली. १८४३ च्या संबंधित कायद्यात ‘पर्सन’ हा शब्द होता, आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा असे कलमही होते. तथापि प्रदीर्घ रूढीने स्त्रिया या व्यवसायास अपात्र असल्याने त्या शब्दात त्या येत नाहीत, असा निर्णय झाला व अपिलातही तो कायम राहिला. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठाच्या बी. एल्‌. झालेल्या रेजिना गुहा यांनी १९१६ साली अलीपूरच्या न्यायालयात वकिली करण्यासाठी अर्ज केला. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टातील ‘पर्सन’ शब्दाचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला, आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या विरुद्ध निकाल दिला. पुल्लिंगात स्त्रीवाचक अर्थ समाविष्ट करणारा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट येथेही होताच. पण असा नियम ‘संदर्भास विरोध नसेल तर’ या अटीवर चालतो, आणि विरोध आहे की नाही हे संदर्भ वाचणाराच ठरवितो.

हाच वाद मराठीत चालला असता तर? आपल्या भाषेत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘ती व्यक्ती’ म्हटल्याने पुरुष वगळले गेले असे कोणी म्हणत नाही. उलट ‘वकीलीण’ हे स्त्रीलिंगी रूप मराठीने फार पूर्वी घडविले. परंतु त्याचा अर्थ वकिलाची पत्नी. ‘मास्तरीण’ या शब्दाने स्त्रिया शाळेत शिकवू लागल्यावर नवा अर्थ धारण केला. ‘वकीलीण’ शब्दास ते साधले नाही, आणि आज स्त्रीसही आपण ‘वकील’च म्हणतो. व्याकरणातील लिंग कोणास आत घ्यावे वा बाहेर ठेवावे हे सांगत नाही. न्यायालयांनी शब्दाच्या नावाखाली रूढी वाचली, असे म्हणणे मला प्राप्त आहे. हे मत सर्वांस पटेलच असे नाही. ‘कायदा बदलणे हे विधिमंडळाचे काम’ ही त्या न्यायमूर्तींची भूमिकाही तर्कदुष्ट म्हणता येत नाही.

तोच कायदा निरनिराळ्या न्यायालयांत निरनिराळा वाचला गेला, हे १९२१ च्या घटनांवरून दिसते. ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांची वकील म्हणून नोंदणी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा या बी. एल्‌. झालेल्या स्त्रीचा अर्ज फेटाळला. अखेर १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्टाने केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणास अपात्र ठरविता येणार नाही असे स्पष्ट केले. इंग्लंडात तत्पूर्वी १९१९ साली तसा कायदा झाला होता. त्या कायद्यामुळे लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या मिठन टाटा, पुढे मिठन लाम, यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्यांच्या बाबतीत परीक्षा, पदवी व सनद यांत वर्षानुवर्षांचे अंतर पडले नाही.

ऑक्सफर्डने १९२० साली स्त्रियांस पदव्या देण्यास प्रारंभ केला आणि पूर्वी उत्तीर्ण झालेल्यांनाही त्या घेता येऊ लागल्या. कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली मिळविलेली पदवी १९२२ साली प्रत्यक्ष घेतली, तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. पदवीदानाच्या तारखेवरून तुकड्या पाडणाऱ्या कोष्टकात त्यांची गणना १९२२ च्या विद्यार्थ्यांत होईल.