दोन बिंदूंमधील सरळ रेषा

दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते, हे युक्लिडच्या भूमितीपासून सर्वमान्य आहे. परंतु रेषेला समीकरणाचे रूप देण्याचा मार्ग मोकळा केला तो सतराव्या शतकात, फ्रान्समधील फेर्मा आणि देकार्त यांनी. देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ साली प्रसिद्ध झाला. रीत सोपी आहे. दोन बिंदूंच्या उंचीतील फरकाला त्यांच्यामधील आडव्या अंतराने भागले की रेषेचा चढ मिळतो. चढ आणि एक बिंदू हाती असला की बाकीची रेषा आपोआप मांडता येते.

यामागील विचार आपल्याकडे त्रैराशिकाच्या रूपाने फार पूर्वीपासून रूढ होता. भुजज्यांच्या कोष्टकातील दोन किमतींमधली किंमत त्रैराशिकाने काढणारा ज्योतिषी त्या किमती सरळ रेषेनेच जोडीत असे. पण भुजज्या सरळ रेषेत वाढत नाही. म्हणून ब्रह्मगुप्ताने इ. स. ६६५ मधील ‘खंडखाद्यक’ ग्रंथात शेजारचा फरकही हिशेबात घेण्याची सुधारलेली रीत सांगितली.

ही सावधगिरी केवळ ज्योतिषापुरती नाही. आजच्या भारताच्या सीमांपुरता हिशेब केला, तर १९११ च्या शिरगणतीत लोकसंख्या २५.२१ कोटी होती आणि १९२१ मध्ये ती २५.१३ कोटी भरली. दहा वर्षांत घट आठ लाखांची, म्हणजे वर्षाला ८० हजारांची. १९११ पासून लोटलेल्या वर्षांना ‘क्ष’ म्हटले, तर कोटींतील लोकसंख्या = २५.२१ − ०.००८ क्ष. गणितात तिळमात्र चूक नाही. या रेषेवर १९१८ हे वर्ष इतर वर्षांसारखेच शांतपणे उतरत जाते.

प्रत्यक्षात त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझाची साथ शिरली आणि ती ओसरेपर्यंत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. एवढा संहार होऊनही दशकाअखेरची घट आठ लाखांचीच दिसते, याचा अर्थ उरलेल्या वर्षांत लोकसंख्या वाढत होती. ती वाढ आणि तो संहार, दोन्ही त्या एका रेषेखाली झाकले गेले.

रेषेचा यात दोष नाही. दोन बिंदूंपलीकडे तिला काही सांगितलेच गेले नव्हते. श्रोतेहो, दोन शिरगणत्यांमधील वर्षाचा आकडा सांगणाऱ्याने समीकरण जरूर मांडावे. पण तो आकडा लोकांपुढे ठेवण्यापूर्वी त्या वर्षाची जन्ममृत्यूची नोंदवही एकदा उघडून पाहावी.